एक बोट म्हणजे ट्रक

गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून आवाज येते, हे मी आमच्या बुढ्याले सांगून सांगून थकली. तो नुसती मान हलवे अन् हसे. माहं डोस्कं असं तापे! शेवटी एका सकाळी चहाचा कप त्याच्या पुढ्यात आपटला, त्याची हनुवटी धरून तोंड माह्याकडे वळवलं अन् म्हणलं, "आवाज! मागच्या चाकात! ब्रेक मारला का किंचाळते गाडी!"

तवा कुठी त्याच्या डोक्यात शिरलं. त्यानं स्टेरिंग धरल्यासारखे हात पुढे केले अन् म्हणे, "माह्या हाताले तं काही लागत नाई."

"हाताले नाई लागत म्हणून आवाज नाई का जी?" मी म्हणलं. पण तवर तो चाबी घेऊन अंगणात गेल्ता.

मी गुणाबाई. माह्या तोंडाले कोणी लागत नाई, हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. माहा आवाज बी मोठा, नाकावर राग. आमचा बुढा, म्हणजे गुणवंतराव, घुग्घुसकडच्या एका भुयारी खाणीत होता. छत पाहाचं काम त्याचं. लोखंडी रॉडनं वर ठोका माराचा अन् दुसऱ्या हाताचा पंजा छताले लावून ठेवाचा. दगड पक्का असला तं हाताले एक लागते, सुटलेला असला तं दुसरंच लागते. बाकीचे लोक ठोक्याचा आवाज ऐकत, आमचा बुढा हातानं ऐके. त्यानं "भागा" म्हणलं का पुरी टोळी मागे पळे. त्याच्या टोळीतला एक बी माणूस छताखाली दबून गेला नाई, हे तो अजून बी छाती फुगवून सांगते. पण त्या सुरुंगाच्या धमाक्यानं अन् ड्रिलच्या आवाजानं त्याचे कान मात्र खाल्ले. एका दिवसात नाई गेले. हळूहळू गेले.

खाण बंद झाली तवा बुढा खाटेवर बसला तो बसलाच. जेवण दिलं तं जेवे, नाई तं भिताडाकडे पाहत राहे. मले वाटलं, हा आता असाच जाते. मंग त्यानं ही जुनी व्हॅन घेतली. आमची नात उर्वशी शिकाले आमच्यापाशी राह्यली होती, चंद्रपूरले नर्सिंगच्या कॉलेजात जाचं होतं तिले. तिच्यासंगं गावातल्या अन् घुग्घुसच्या आणखी पोट्ट्या जमल्या. सकाळी नेऊन सोडाचं, दुपारी आणाचं. बुढ्यात जीव आला बाप्पा! रोज दाढी कराले लागला, गाडीचे काच पुसाले लागला. पोट्ट्या त्याले आबाजी म्हणत, त्याहिचे बाप हात जोडत. म्हणत, "आमची पोरगी तुमच्या गाडीत आहे म्हणजे आमाले घोर नाई."

अन् घोर मले. काऊन का बुढ्याले मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाई, हे फक्त मले माहीत होतं. उर्वशीले बी वाटे, आबाजीचं ध्यान कुठीतरी असते.

त्याले मी कधी म्हणलं नाई, अन् त्यानं बी कधी कबूल केलं नाई. मी नुसती गाडीत जाऊन बसाले लागली, त्याच्या बाजूच्या शिटवर. लोकाले सांगे, "घरी बसून माश्या मारू का? जातो संगं." अन् मागून ट्रकनं हॉर्न मारला का मी त्याच्या मांडीवर एक बोट दाबे. एक बोट म्हणजे ट्रक, बाजू दे. दोन बोटं म्हणजे पोट्टी काही म्हणून राह्यली, आरशात पाह. पूर्ण पंजा म्हणजे हळू. हे आमी बसून ठरवलं नव्हतं, आपोआप होत गेलं. पोट्ट्याहिले वाटे, आजी-आबाजीचं लई प्रेम आहे, सारखा हात मांडीवर. फिदीफिदी हसत मागे बसून. बुढ्याले आरशात त्या हसताना दिसल्या का तो बी हसे.

ते चाक बिघडलं मार्कंड्याच्या जत्रेनंतर. महाशिवरात्रीले मी, बुढा अन् उर्वशी गेलो होतो. देवाचं दर्शन झालं अन् बुढ्याच्या अंगात काय आलं, गाडी सरळ वैनगंगेच्या रेतीत उतरवली. अर्धं चाक पाण्यात. पोळ्याच्या आधी बैलाले धुते ना, तसा बादलीनं पाणी मारून राह्यला गाडीले, घासून राह्यला. मी काठावरून बोंबलून राह्यली, "अवो, बैल आहे का तो? चाकात पाणी जाते!" त्याले काय ऐकू येते! तो आपला मजेत. म्हणे, "देवाच्या दारी आणली, तं आंघोळ नोको का तिले?"

आता आमच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे साधी धूळ नाई. सिमेंटची अन् कोळशाची. झाडाचं पान बी हिरवं दिसत नाई. ती वर्षभर चाकाच्या पोटात जाऊन बसली होती, त्याच्यात बुढ्यानं पाणी ओतलं. मिस्त्री घमेल्यात जे करते तेच यानं चाकात केलं. दोन-चार दिवसांत ब्रेक मारला का गाडी किंचाळाले लागली. पोट्ट्या कानात बोटं घालत. गॅरेजवाल्या मन्सूरभाऊची पोरगी महेक तं म्हणे, "आबाजी, गाडी रो रही है, तिले गप करा ना!" बुढा आरशात पाहून हसला. मले रडू आलं.

एवढंच असतं तं ठीक. पण आणखी एक आवाज होता. ब्रेक मारा नाई तं नोका मारू, गाडी पळाले लागली का मागून घूं घूं अशी घुमघुम निघे. जेवढी गाडी जोरात तेवढी घुमघुम मोठी. उजव्या वळणावर तं जास्तच. किंचाळी साऱ्याहिले ऐकू ये, ही घुमघुम फक्त मी ध्यान देऊन ऐकत होती. दिवसभर दोघांचे कान मीच होती ना.

शेवटी बुढ्याले ओढतच घुग्घुसले मन्सूरभाऊच्या गॅरेजवर नेलं. मन्सूरभाऊ म्हणजे महेकचा बाप. जुन्या गाड्याहिचा त्याले भारी नाद. त्याच्या दुकानापुढे नेहमीच चार ट्रकवाले चहा पीत बसले असते. त्यातले काही बुढ्याच्या खाणीतले. त्याले पाहून उठून उभे राह्यले, "या या, छतवाले भाऊ!" बुढ्याची मान ताठ झाली.

मन्सूरभाऊनं बुढ्याले गाडीचा हाल इचारला. "भाऊ, आवाज ब्रेक मारल्यावर येते का तसाच बी येते? स्पीडसंगं वाढते का? वळताना काही फरक?"

बुढा त्याच्या तोंडाकडे पाहत होता. मन्सूरभाऊची दाढी मोठी, ओठ दिसत नाई. मी पटकन म्हणलं, "ब्रेक मारला का किंचाळते, भाऊ."

"भाभी, मी भाऊले इचारून राह्यलो. गाडी तो वो चलाते हैं ना."

सारे हसले. बुढा बी हसला. मंग त्यानं माह्याकडे एकदा पायलं, माहे ओठ वाचले असन, अन् ठासून म्हणे, "ब्रेक मारल्यावर. फक्त ब्रेक मारल्यावर. बाकी गाडी सोन्यासारखी आहे."

झालं. आता मी काय म्हणू? चार लोकात म्हणू का, का नाई भाऊ, ह्याले काही माहीत नाई, आणखी एक आवाज आहे? मंग कोणी बी म्हणन, भाभीले ऐकू येते अन् गाडी चालवणाऱ्याले काऊन नाई?

मन्सूरभाऊनं जॅक लावला, चाक काढलं, ब्रेकचा डब्बा हातोडीनं ठोकून ठोकून खोलला. आतून खपल्याच्या खपल्या पडल्या. राखाडी, दगडासारख्या. "या अल्ला, भाऊ, घर बांधून राह्यले का आत?" ब्रेकचे शू आरशासारखे चकचकीत झाले होते. त्यानं सारं खरवडलं, शू घासले, नीट बसवले. चाक चढवलं अन् चाबी बुढ्याच्या हातात दिली.

"एक चक्कर मारून या भाऊ. कुठी बी काही आवाज आला तं सांगा, मंग मी आतलं बेरिंग बी पायतो. पाण्यानं ग्रीस गेलं असन तं धोक्याचं काम आहे."

आमी दोघं स्टेशनच्या रस्त्यानं गेलो. बुढ्यानं ब्रेक मारला. किंचाळी नाई. त्यानं माह्या तोंडाकडे पायलं, लेकरू पाहते तसं. मी मान हलवली, गेला म्हणलं. अन् गाडी पळाले लागली तशी मागून, घूं घूं.

मले ऐकू आलं. चांगलं ऐकू आलं. मी पंजा मांडीवर ठेवाले गेली, पण बुढा इतका खुश होता का शीळ वाजवून राह्यला होता. माहा हात तसाच राह्यला.

परत आलो. बुढा खिडकीतूनच ओरडला, "एकदम साफ, मन्सूर! चिडीचूप!" ट्रकवाल्याहिनं वा वा केलं. मन्सूरभाऊनं हात पुसता पुसता माह्याकडे पायलं. "भाभी? साफ?"

ज्या तोंडाले गाव भिते ते तोंड नेमकं तवाच भ्यालं. मी म्हणलं, "साफ."

त्यानंतर रोज मी देवाचं नाव घेऊन गाडीत बसे. घुमघुम वाढतच होती. मनात म्हणे, आज सांगतो, घरी गेल्यावर सांगतो. घरी गेलं का बुढा गाडीले फडकं मारत गाणं म्हणे, अन् माही जीभ उचले नाई. भिताडाकडे पाहणारा तो माणूस मले पुन्हा पाहाचा नव्हता.

त्या दिवशी पोट्ट्याहिले घेऊन चंद्रपूरवरून परत येऊन राह्यलो होतो. दुपारचं ऊन, पुढे मागे कोळशाचे ट्रक. घुमघुमीची खरखर झाली. मंग खडखड. अन् जळक्याचा वास आला. उर्वशी मागून म्हणे, "आजी, काही जळून राह्यलं का?"

मी बुढ्याच्या मांडीवर पंजा दाबला. त्यानं गाडी हळू केली, पुढे पायलं. ना ढोर ना ब्रेकर. त्याले वाटलं, मी चुकली. मागचा ट्रक भोंगा वाजवत अंगावर आला तं मी घाबरून एक बोट दाबलं. त्यानं बाजू दिली, ट्रक गेला, अन् बुढ्यानं पुन्हा गाडी पळवली. मी पुन्हा पंजा दाबला, पुन्हा दाबला. तो कपाळाले आठी घालून म्हणे, "काय झालं आज तुले? रस्ता तं खाली आहे!"

एक बोट, दोन बोटं, पंजा. चाक निखळून चाललं, असं सांगाले आमच्यापाशी काहीच नव्हतं.

गाडी मागून झोकांडी खाऊ लागली, पण समोर स्टेरिंगले अजून काही लागत नसन. महेक किंचाळली, "आबाजी रोको!" मंग साऱ्याच ओरडाले लागल्या. "आबाजी थांबा! थांबा ना!" उर्वशी रडाले लागली. मी गळा फाडून ओरडली, "अवो, थांबवा गाडी!" सारी गाडी ओरडून राह्यली होती अन् बुढा समोर पाहत, शांत चेहऱ्यानं गाडी चालवून राह्यला होता. तोंडानं शीळ.

मागे एकाएकी साऱ्या गप झाल्या. पोट्ट्याहिले समजलं होतं. महेक हळूच म्हणे, "आजी... आबाजीले ऐकू येत नाई?"

मी गिअरवरचा बुढ्याचा हात धरला अन् जिवाच्या आकांतानं ओढला. तो दचकला, आरशात पायलं. आरशात पोट्ट्याहिचे चेहरे दिसले असन त्याले, रडलेले, पांढरे पडलेले. त्यानं गिअर उतरवला, जरासा जरासा ब्रेक लावत गाडी खाली घेतली. गाडी वावराच्या बांधाले, धुऱ्याच्या मातीत जाऊन थांबली. चाक निखळलं नाई, ही मार्कंड्याची कृपा म्हणा. पोट्ट्या उड्या मारून उतरल्या अन् दूर बाभळीखाली जाऊन एकमेकीले धरून उभ्या राह्यल्या. आबाजीजवळ एक बी आली नाई.

चाकातून धूर निघून राह्यला होता. बुढ्यानं ते थंड होऊ दिलं. मंग जॅक लावून चाक वर उचललं, एका हातानं फिरवलं अन् दुसऱ्या हाताचा पंजा आतल्या लोखंडाले लावला, जसा छताले लावे तसा. डोळे मिटले. चाक थांबलं तरी हात काढला नाई.

"बेरिंग गेलं," तो म्हणे. "लई दिवसाचं आहे हे. एका दिवसात असं होत नाई." मंग माह्याकडे वळला. "तुले आवाज येत होता?"

मी मान हलवली. हाव.

"मन्सूरच्या इथी बी?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाई?"

माहा राग उफाळून आला. मी त्याच्या तोंडापुढे तोंड नेऊन म्हणलं, "तुमी त्या लोकाच्या पुढे सोन्यासारखी म्हणलं, मी काय म्हणाचं होतं? तुमाले ऐकू येत नाई असं म्हणाचं होतं? म्हणू का? तुमाले ऐकू येत नाई! काहीच ऐकू येत नाई तुमाले!"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणली. रस्त्यावर, पोट्ट्याहिच्या पुढे. बुढा माहे ओठ पाहत होता. सारं समजलं त्याले, एक एक अक्षर. तो धुऱ्यावर खाली बसला.

महेकनं फोन केला होता. मन्सूरभाऊ मोटरसायकलवर आला तो आधी पोरीपाशी गेला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिनं त्याले काहीतरी सांगितलं. मंग तो गाडीपाशी आला. चाक हलवून पायलं. लगलग करून राह्यलं होतं. त्याचा चेहरा काळा पडला. बुढ्याले सोडून तो माह्यापुढे येऊन उभा राह्यला.

"भाभी, मैंने आपसे पूछा था. भाऊले नाई, तुमाले इचारलं होतं शेवटी. माही पोरगी बसते ह्या गाडीत. तुमची नात बसते."

उर्वशी बाभळीखालून माह्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यात होतं ते मले सोसवत नाई, अजून बी आठवलं का जेवण जात नाई.

बुढा उठला. मन्सूरभाऊचा खांदा धरून त्याले आपल्याकडे वळवलं. "तिले नोको बोलू. मले बोल. अन् मोठ्यानं बोल, मन्सूर. मले ऐकू येत नाई."

बुढ्यानं खिशातून चाबी काढली. चाबीले मार्कंड्याचा लाल धागा बांधला होता, तो त्यानं सोडवाले पायला, गाठ सुटली नाई. तशीच चाबी मन्सूरभाऊच्या हातात ठेवली.

"खाणीत माह्या टोळीतला एक बी नाई गेला," तो म्हणे. "ह्या पोट्ट्याहिले मी मारलं असतं."

मन्सूरभाऊनं रिक्षा बोलावून पोट्ट्याहिले घरी धाडलं. उर्वशी बी त्याहिच्यासंगंच गेली, आमच्यासंगं आली नाई. आमी दोघं रस्त्यावर उभे राह्यलो अन् बस आली तं चढलो. खिडकीची जागा भेटली. बुढा काचेतून बाहेर पाहत होता. मी त्याच्याकडे सारखी पाहत होती, का हा माणूस आता पुन्हा खाटेवर जाते, पुन्हा भिताडाकडे पाहते.

घुग्घुसच्या अलीकडे मागून एका ट्रकनं जोरात हॉर्न मारला. माहं बोट आपसूक त्याच्या मांडीवर दाबलं गेलं.

बुढ्यानं खाली पायलं. माहं बोट मुठीत धरलं अन् म्हणे, "आता कायले?"

पण मूठ त्यानं सोडली नाई. गाव येईपर्यंत तसाच बसून राह्यला.